मशीनमधला फेस

मुलुंड, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८७

आज परत वाट लागली. मामाने मस्कतहून आणलेल्या भांडी घासायच्या मशीनमधून फेस बाहेर आला, पार सोफ्याखाली गेला. मामा माझ्यावरच उखडला. त्याच्या बुटात मी शेव्हिंग क्रीम भरलं होतं ना, मग विश्वास कोण ठेवणार? पण आईशप्पथ, ह्या वेळी मी नव्हतो!

म्हणून संध्याकाळी दारामागून पाळत ठेवली. तर आईच! मोरीत बसून साबणाने भांडी घासते आणि तशीच फेसाळलेली मशीनमध्ये लावते.

"अगं, मग मशीन कशाला?"

"गप रे. एवढ्या महागाच्या वस्तूत खरकटी भांडी घालू? आणि मामाला सांगू नकोस हं. मामीसमोर हसेल मला."

तेवढ्यात मामा आला. "टग्या, खरं बोल, नाहीतर मशीन उचलून नेतो."

थंडीत आईच्या हातांना भेगा पडतात. म्हटलं, हो, मीच टाकला साबण. कानाखाली सणसणीत बसली. ती गेली उडत. पण तो फेस डोक्यातून जाईना.

जेवल्यावर बघतो तर आई परत मोरीत, हातात काथ्या.

"निदान साबण धुऊन तरी टाक गं."

"बरं," म्हणाली.

तिचं 'बरं' मला चांगलं माहितेय.