पान अठ्ठ्याऐंशी

३ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची! बसमधून उतरते तर मावशी फुलं घेऊन उभी. तिच्यामागे शाळेचे हेडमास्तर, पोस्टमास्तर आणि निदान तीसेक माणसं. इतिहासाच्या एका मास्तरणीसाठी एवढा लवाजमा! मला हसू आवरेना.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून मावशीच्या पत्रांनीच मला उभं ठेवलं. इतिहास घे, असं तीच लिहायची. लग्नाची घाई करू नकोस, असंही. इतकी पुढारलेली मावशी कुणाच्या नशिबी असते! ही नोकरीही तिनेच मिळवून दिली. तिच्या घरी वरची खोली माझी आहे: लोखंडी पलंग, खिडकीशी टेबल, खिडकीतून दिसणारा तलाव. टेबलावर ही कोरी वही ठेवलेली होती. मावशीने बजावलं की रोजनिशी लिहीत जा, कंटाळा करू नकोस. बरं बाई, लिहिते.

७ नोव्हेंबर

शहर मोठं मजेशीर आहे. परक्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांच्या एका अधिकाऱ्याने या सगळ्या प्रांताची माहिती लिहून ठेवली: एकोणीस शहरं, त्यांचे रस्ते, विहिरी, हवा, माणसं. राज्य गेलं, प्रांताचेही तुकडे झाले. पण ते ‘प्रांतवर्णन’ इथे अजून राज्य करतंय. पुस्तकात तीन पूल आहेत, म्हणून नदीने पात्र बदललं तरी तिसरा पूल कोरड्या मैदानात उभा आहे, त्याला दरवर्षी रंग देतात. पुस्तकात चौकातलं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे, म्हणून दर शनिवारी घड्याळजी शिडी लावून ते मागे करतो.

पण कहर म्हणजे पोस्टमास्तर. पुस्तकातला पोस्टमास्तर डाव्या पायाने लंगडा, म्हणून आमचे हे कचेरीत लंगडतात. काल त्यांना अंगणात नातीमागे पळताना पाहिलं. माझ्यावर नजर पडताच बिचारे लंगडायला लागले. घरी येऊन मावशीला सांगताना माझी हसून पुरेवाट झाली. ती हसली नाही, टाके मोजायचे चुकतील म्हणाली. माझ्यासाठी निळा स्वेटर विणतेय.

१९ नोव्हेंबर

शाळेच्या सभागृहात इतिहासाच्या जुन्या शिक्षिकांचे सात फोटो आहेत. सगळ्या तरुण, आणि सगळ्यांच्या अंगात गळ्याशी तीन पांढरे पट्टे असलेला एकसारखा स्वेटर. शाळा चिक्कू दिसते, एकच स्वेटर सातजणींत फिरवला, असं मी म्हटलं. शिक्षकांच्या खोलीत सगळे घाईने वह्या तपासायला लागले.

मग हेडमास्तरांनी मला बसवून प्रांताचा खरा इतिहास सांगितला. एकोणीसपैकी अठरा शहरं गेली. एकाने बाजार हलवला, तिथे साथ आली. एकाने नाव बदललं, तिथली रेल्वेच उखडली गेली. एक धरणाखाली गेलं. आपलं शहर पुस्तकाबाहेर गेलं नाही म्हणून टिकलं, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी हजेरी घ्यावी इतक्या साध्या सुरात सांगितलं, आणि मी मान डोलावली.

२ डिसेंबर

मुलांना शिकवायचं म्हणून शाळेतलं ‘प्रांतवर्णन’ काढलं. पान अठ्ठ्याऐंशी नाही. हेडमास्तर म्हणाले, वाळवी. वाळवी पट्टी लावून कापते, हे मला ठाऊक नव्हतं. वाचनालयात गेले, तिथल्या प्रतीतही तेच पान नाही. नगरपालिकेतल्या प्रतीतही नाही.

मावशीला विचारलं तर तिने मला दूध आणून दिलं.

१८ डिसेंबर

आज शाळेत फोटोग्राफर आला. फक्त माझा फोटो काढायला. येताना पाथरवटाने रस्त्यात थांबवून माझं नि आईचं पूर्ण नाव लिहून घेतलं. कशाला, तर म्हणाला, नोंदीसाठी. शिंप्याकडे काळ्या कापडाच्या फितींचा ढीग पडलाय. कोण गेलं, म्हणून विचारलं, तर त्याने सुई बोटात टोचून घेतली.

सगळे माझ्याशी फार गोड वागतात. इतकं गोड मला आता सहन होत नाही.

३ जानेवारी

स्वेटर झाला. मावशीने स्वतःच्या हाताने मला घालून पाहिला. छान बसला. गळ्याशी तीन पांढरे पट्टे.

सात फोटो. सात स्वेटर. एकच नव्हता तो.

८ जानेवारी

बटण तुटलं म्हणून सुई शोधायला मावशीची विणकामाची पिशवी उघडली. लोकरीच्या गुंड्याखाली पान अठ्ठ्याऐंशी होतं. पट्टे मोजायला तिने जवळ ठेवलेलं. उतरवून घेते —

‘शाळेची इतिहासशिक्षिका बाहेरून आलेली, अविवाहित, इथल्याच एका घरची भाची होती. सत्तराव्या दिवशी, अकरा जानेवारीस सकाळी, तलावात बुडून मेली. अंगात मावशीने विणलेला निळा स्वेटर, गळ्याशी तीन पांढरे पट्टे. दुकाने तीन दिवस बंद होती. टेबलावर तिची रोजनिशी सापडली. तीतील शेवटचे वाक्य अपुरे आहे.’

ही वही. पहिल्या दिवशी टेबलावर ठेवलेली ही वही.

९ जानेवारी

स्टँडवर गेले. बस उभी होती. ड्रायव्हरने दार उघडलं नाही. लोकांनी हसत हसत बॅग घेतली, हाताला धरून घरी आणून सोडलं — पोस्टमास्तरही होते — लंगडत.

मावशीपुढे पान टाकलं. ती रडली. खरंच रडली. दर पंधरा वर्षांनी या पानाची पडताळणी होते, ते पुन्हा खरं करावं लागतं म्हणाली, या खेपेला पाळी आमच्या घरावर आली. तिच्या दोन्ही मुली याच शहरात आहेत, त्यांची लेकरं आहेत, शहर गेलं तर तीही जातील. आधीपासून ठाऊक होतं का, विचारलं. तिने मान खाली घातली. मग डोळे पुसून विचारलं, बाह्या घट्ट होत नाहीत ना?

इतिहास घे. लग्नाची घाई करू नकोस. नऊ वर्षांच्या पोरीला पहिलं पत्र लिहिलं तेव्हापासून — केसाने गळा कापला हिने माझा. आणि मी ती पत्रं अजून उशाशी घेऊन झोपते.

१० जानेवारी

दाराला बाहेरून कडी. खिडकीला आज गज बसवले. गज बसवणाऱ्याने माफी मागितली —

पत्रं फाडली. सगळी. नाही, एक ठेवलं — का ठेवलं —

मरणाची भीती वाटतेच. पण मावशीनं — माझ्या मावशीनं —

११ जानेवारी, सकाळ

दुकानं उघडली नाहीत. माणसं रस्त्यावर शांत उभी आहेत, दंडाला काळ्या फिती. चौकातलं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे. ती दहा मिनिटं माझी.

रात्रभर विचार केला. पुस्तक मी एका जागी खोटं पाडू शकते. शेवटचं वाक्य मी पूर्ण करणार. पूर्णविराम देऊन वही मिटणार. पुस्तक चुकलं की मग शहर बुडो, नाहीतर राहो.

दाराला आतून पलंग लावलाय. कडी निघाली. मावशी लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारतेय. ते नाव आईने ठेवलं होतं.

मी प्रत्येक वाक्य पूर्ण करतेय. हे झालं. हेही झालं.

पलंग सरकला. तिच्या हातात स्वेटर आहे. ती रडतेय आणि माझं मनगट धरतेय.

आता शेवटचं. मी माझ्या आईची मुलगी, शुद्धीवर असताना लिहून ठेवते, की ज्या मावशीला मी आई मानलं, तिनेच मला