नववीची जागा

१० नोव्हें., रवि.
थॉमस सरांनी केबिनचं दार लावून घेतलं. एरवी हा प्रिन्सिपॉल दार लावणारा नव्हे. इमारतीचा मालक मार्चनंतर करार वाढवत नाहीये. दुसरी जागा शोधून झाली, मिळाली नाही. म्हणजे एप्रिलपासून शाळाच नाही. ॲडमिशन आणि टीसीचे कागद मी बघते, म्हणून फक्त मला सांगितलं. "ॲन्युअल एक्झाम तक किसी को मत बताना, मिसेस गायधनी. टीचर्स चले जाएँगे." मी यस सर म्हटलं आणि बाहेर येऊन सातवी ब च्या वर्गावर ओरडले. पोरं काहीच करत नव्हती बिचारी.

१२ नोव्हें.
झोप धड नाही.
सहा वर्षांपूर्वी इथे आखातात एका व्हिलात सुरू झालेली शाळा. हॉलमध्ये केजी, वरच्या बेडरूममध्ये पहिली-दुसरी, किचनमध्ये स्टाफरूम. मग शेजारचा व्हिला घेतला. मग अंगणात पोर्टाकेबिन टाकल्या, दरवर्षी एक. वर्ग वाढला की सगळे पेढे खायचे. किती वाढायचं, कुठे मावायचं, कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर फोन करकरून माणसं आणली. मॅनेजमेंटने सांगितलं होतं, पाचवीत पंधरा मुलं जमली तर मराठी चालू करू. चौदा जमली होती. पंधरावी नफीसाची झोया. नफीसा श्रीवर्धनची, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर. दुसऱ्या शाळेत नाव घालून आली होती बाई. मी तिच्या घरी जाऊन बसले, "पोरीला गावी गेल्यावर आजीशी बोलता यायला नको का?" तिने तिथलं नाव काढून इथे घातलं. माझी मराठी सुरू झाली.
ती पोरं आता आठवीत आहेत. माझा नि मिलिंदचा तन्मयही त्यातलाच.

१७ नोव्हें., रवि.
परवा मिलिंदला सांगितलं. शुऐबाच्या प्लांटवरून शिफ्ट करून आलेला, बूटही काढले नव्हते. एकच वाक्य: "आधी तन्मयची सीट बघ." नववी म्हणजे बोर्डाचं रजिस्ट्रेशन, तिथे चुकलं की दहावीत काही हलवता येत नाही. हे मीच पालकांना सांगत असते.
आज हाफ डे टाकून बारावीपर्यंतच्या त्या मोठ्या शाळेत जाऊन आले. एप्रिलची सीट मिळाली. 'शाळा बदलण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं, घर बदलत आहोत.
घर आहे तिथेच आहे. तेच एगैला, तोच तिसरा मजला.

२१ नोव्हें.
तन्मयला काही सांगितलेलं नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

९ डिसें.
पालकसभा. एका बाबांनी विचारलं, पुढच्या वर्षी सायन्स लॅब कुठे होणार? थॉमस सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, प्लॅनिंग चालू आहे. इतकं सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. टाळ्या पडल्या.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. मुलांना लाडू वाटले. गोड बोलायचा दिवस, आणि बोलले.
नफीसा झोयाला न्यायला आली होती. गेटपाशीच धरलं मला. "ताई, मोठ्या शाळेत नववीची एक सीट आहे म्हणे. उद्यापर्यंत कळवायचंय. हे म्हणतायत घेऊन टाक, तिथे बारावीपर्यंत आहे. मी म्हटलं आधी ताईंना विचारते. घेऊ का?"
थॉमस सर चार पावलांवर उभे होते. बसेस सुटत होत्या. आणि खरं सांगायचं तर सर नसते तरी... माहीत नाही. मनात आलं की ही गेली की उद्या दहाजणी येतील, का गेली विचारायला. म्हटलं, "कशाला गं? चांगली रुळलीय पोर. मराठी सोडणार का आता?"
"तुम्ही म्हणता तर नको," म्हणाली. अर्ध्या मिनिटात विषय संपला. वर मला खजुराचा डबा दिला.
डबा अजून उघडला नाही.

१५ जाने.
दिवसभर फोन हातात. 'घे सीट' एवढे दोन शब्द लिहायचे. तीनदा लिहिले, तीनदा पुसले. दोन वाजता मोठ्या शाळेचं ऑफिस बंद झालं तेव्हा हायसं वाटलं. हायसं. हे लिहून ठेवते, नंतर मीच म्हणेन की असं काही नव्हतं.

१६ फेब्रु., रवि.
सर्क्युलर निघालं. नऊ वाजता व्हॉट्सॲपवर, साडेनऊला गेटवर गर्दी. एक बाई रडत होती, एक जण केबिनच्या दारावर हात आपटत होता. थॉमस सरांनी हात वर केले, लँडलॉर्ड लँडलॉर्ड करत बसले. टीचर्सनाही तेव्हाच कळलं. हिंदीच्या मिस माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच आहे.
नफीसा आली ती शांत. बुरख्याच्या बाहीने कपाळ पुसलं. "तुम्हाला पण आजच कळलं ना, ताई?"
"हो. आजच."
"मग तुम्हाला तरी काय माहीत असणार," म्हणाली. माझी समजूत काढत होती ती. खांद्यावर हात ठेवून.

१७ फेब्रु.
तोंड दाखवायला नको म्हणून जिन्याने गेले. जिन्यातच अश्फाकभाई भेटले, नफीसाचे मिस्टर. मंदूब आहेत ते, दिवसभर कंपनीतल्या लोकांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, नि सह्या-शिक्के घेऊन फिरतात. सगळ्यांची कागदपत्रं होतात त्यांच्याकडून. "मॅडम, सहा शाळा फिरलो. वेटिंग, वेटिंग, वेटिंग. एक महिना आधी कळतं तर..." मग विचारलं, तन्मयचं काय केलंत?
"बघतोय," म्हटलं.

२३ फेब्रु.
पेपर चालू. सुपरव्हिजनला आठवीवर होते. पेपर संपल्यावर झोया थांबली. ही पोरगी माझ्याशी कायम इंग्लिशमध्ये बोलायची, मी मराठीत आणि ती इंग्लिशमध्ये. आज मराठीत बोलली, शब्द जुळवत. "मिस, पप्पा म्हणतात आम्हाला गावी पाठवतील. मम्मी, मी आणि छोटा. पप्पा इथेच. तिकडे मराठी मीडियमची शाळा आहे घराजवळ. मी पास होईन ना? तुम्ही शिकवलंय तेवढं पुरेल?"
चार वर्षं आठवड्याला तीन तास. कविता, निबंध, समानार्थी शब्द. तेवढ्यावर नववीचं सायन्स, इतिहास, भूगोल.
पुरेल म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. रडूही येईना.

२ मार्च
रमजान लागला. शाळा उशिरा भरते, लवकर सुटते. भरते म्हणजे काय, पोर्टाकेबिनमधली बाकं उचलून नेतायत. टीसींचा गठ्ठा माझ्या टेबलवर. सह्या करते. दिवसभर तेच. झोयाच्या टीसीवर सही केली. वर्तणूक: उत्तम. माझ्या वर्तणुकीचा रकाना कुणी भरायला देत नाही ते बरं.

९ मार्च, रवि.
मोठ्या शाळेत गेले. नफीसासाठी म्हणून. निदान एवढं तरी करावं. रजिस्ट्रार बाई ओळखतात मला. यादी काढली. नववीत एकही जागा नाही, वेटिंगवर पहिलं नाव झोयाचं. "गुरुवार, वीस तारखेपर्यंत कुणी सीट सोडली तर आपोआप तिला. त्यानंतर यादी बंद. मैं बच्ची की मम्मी को बता दूँगी." मग माझ्याकडे बघून हसून म्हणाल्या, "आपके बेटे का तो कन्फर्म है, टेन्शन मत लो."
पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. एसी लावायचंही सुचलं नाही.
लांबच्या रिग्गईच्या शाळेतही फोन करून पाहिला. दुपारच्या शिफ्टला नववीत दोन जागा आहेत. पण दुपारची शिफ्ट मुलांचीच.
मुलांचीच. म्हणजे झोयाला नाही. तन्मयला चालेल.

१० मार्च
मिलिंदला सांगितलं. तन्मयला रिग्गईला घालू म्हटलं. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "साडेअकराला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत. जूनमध्ये पन्नास डिग्रीत. कशासाठी? तू शाळा बंद केलीस का?"
मी म्हटलं, तिची सीट गेली ती माझ्यामुळे.
"प्रत्येकजण आपापलं बघतो, वैशाली. त्यांनी नसतं बघितलं?"
ऐकायला बरं वाटलं, याचीच लाज वाटते. नफीसाने काय केलं असतं ते मला माहीत आहे. १४ जानेवारीला ती काय करत होती? मला विचारत होती.

११ मार्च
तन्मयला सांगितलं. सगळं, नोव्हेंबरपासून. जेवता जेवता त्याने चमचा खाली ठेवला.
"यू न्यू इन नोव्हेंबर?"
हो.
"अँड यू टोल्ड झोयाज मॉम टु स्टे?"
हो.
मग, "सो इफ आय लीव्ह, शी गेट्स इट?" मी हो म्हटलं. त्याने ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि खोलीत गेला. चौदा वर्षांचं पोर. त्याने हो म्हणावं अशी वाट बघत होते मी, म्हणजे निर्णय त्याचा झाला असता. इथेही पळवाटच.

१३ मार्च
तन्मय जेवतो, अभ्यास करतो, खोलीत जातो. सकाळी दारातून फक्त एवढंच, "तू सांग काय करायचं ते. यू आर द टीचर."

१६ मार्च, रवि.
रिग्गईला पुन्हा फोन केला. एकच जागा उरलीय. त्यांना म्हटलं कळवते.
मोठ्या शाळेच्या वेबसाइटवर विथड्रॉवलचा फॉर्म आहे. छापून घेतला. तन्मयचं नाव, ॲडमिशन नंबर भरला. कारणाच्या रकान्यापाशी थांबले. फॉर्म पर्समध्ये आहे.
मिलिंदला दाखवला नाही.

१८ मार्च
नफीसाने तिकिटांची चौकशी केली, ईदनंतरची. तिघांची, वन-वे. वॉचमनकडून कळलं मला. तिच्याकडून नाही.

१९ मार्च, बुध.
पाच वाजता नफीसा वर आली. शिरकुर्म्यासाठी मोठं पातेलं हवं होतं, ईदला अश्फाकभाईंचे ऑफिसवाले येणार आहेत. गावी जायच्या आधी सगळ्यांना एकदा बोलवायचंय म्हणाली. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी होतं. "ताई, मोठ्या शाळेतून त्या बाईंचा फोन होता. यादीत झोयाचं नाव पहिलं आहे. उद्या एकपर्यंत कुणी एकाने जरी सोडली ना... कोण सोडतंय म्हणा. पण रोजा सोडताना रोज तेच मागते. तुम्ही पण तुमच्या देवाला सांगा ना."
हो म्हटलं. सांगते.
पातेलं घेऊन ती उतरली. एका हाताने कठड्याला धरत, जपून.
सहाच्या सुमाराला मागच्या मशिदीत अजान झाली. खाली आता तिने खजूर तोंडात घातला असेल. मी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. तिने सांगायला सांगितलं होतं ते मला देवाला सांगता येईना. देवाचा काय संबंध यात. फॉर्म पर्समध्ये आहे.
मिलिंदने चहाचं विचारलं तेव्हा हलले तिथून.