गदाधरचं ताट

आकुर्डी, ५ नोव्हेंबर १९५६
सकल विद्वज्जनांपुढे माझी एक गंभीर तक्रार आहे: सुभद्राबाई तूप वाढताना पक्षपात करतात. दुपारी दोन ताटं मांडतात. माझ्या भातावर एक थेंब, शेजारच्या रिकाम्या पाटापुढच्या ताटात मात्र धार! कोण यायचंय, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमी तुमचं जेवा की, पाव्हणं." लहानपणी विळीवर माझ्या उजव्या तर्जनीचं पेर गेलं, त्यामुळे भात कालवायला आधीच वेळ लागतो. त्यात हा कोरडेपणा.

बाकी सगळं झकास. पिंपरीच्या नव्या कारखान्यांची बातमीदारी, सायकल, कौलारू घरातली खोली. हे घर एके काळी आमचंच, सुभद्राबाईंचे सासरे आमचे कूळ. माझे आजोबा इथेच वाढले. ते दत्तक होते अशी घरात कुजबुज असे. आमचं मूळ गोत्र कोणतं, ते या निमित्तानं शोधावं म्हणतो. आजोबा गेल्यावर मी जन्मलो, म्हणून नावही त्यांचंच: गदाधर. नाव सांगितलं तसा बाईंचा परातीतला हात थांबला.

७ नोव्हेंबर
दुसऱ्या ताटातल्या भातावर इवल्या बोटांचे ठसे. घरात मूल नाही. मांजराला बोटं फुटली असावीत.

मी तीनदा भात घेतला. उठलो तेव्हा भूक तशीच.

१० नोव्हेंबर
बाईंना खोदून विचारलं. माझ्या पणजीचा गदाधर तीन वर्षांचा असताना देवीनं गेला. आठवड्याच्या आत कुणा वाटसरूंकडून तेवढंच पोर आणलं, तेच आंगडं घातलं, त्याच नावानं हाक मारली. तेच माझे आजोबा. दान नाही, होम नाही. शास्त्राप्रमाणे हे दत्तविधानच नव्हे. खरं पोर रागावू नये म्हणून पणजी रोज त्याचं ताट वाढी. पुढे जमीन सोडताना तिनं बाईंच्या सासऱ्यांकडून तसा शब्द घेतला. इतकी वर्षं ते ताट न विस्कटता गाईपुढे जाई. मी नाव सांगेपर्यंत.

आज कारखान्यात बदली कामगारांवर मजकूर घेतला. मुकादम म्हणाला, कायमचा माणूस हजर झाला की बदलीनं घरी जायचं. मी हसत लिहून घेतलं. आता हसू येत नाही.

१२ नोव्हेंबर
धोतर कमरेला ठरत नाही. ठसे मोठे झालेत. आजच्या ठशात तर्जनी आखूड.

हात ठेवून पाहिला. बरोबर बसला.

१३ नोव्हेंबर
घरी, वाईला परत जायला निघालो. एस.टी.ला हात केला, थांबली नाही. बाईंचे यजमान मालोजीराव समोरून आले. हाक मारली. माझ्याकडे न बघता गेले. भुकेनं पाय चालेनात, घराकडेच वळले.

दारात होतो तोच आतून बाईंनी जेवायला हाक मारली, "गदाधर—"

आतूनच कोणी तरी ओ दिली. माझ्या आवाजात.

१४
आज एकच ताट. भातावर धार. मी पाटाशी उभा. बाई शेजारी बघून म्हणाल्या, पोट भरून जेव रं—

ताट माझ्यापुढे नव्हतं.

विनोद सुचत नाही. खरं तेच लिहितो. मरणाची भीती नाही. मागे मुलगा आहे. तो दरवर्षी पिंड ठेवील, गदाधरच्या नावानं. पिंड खऱ्या गदाधरला पोचेल. आजोबांना इतकी वर्षं काय पोचलं असेल? मला भूक लागली आहे. मला जेवायला बोलवायचं तर कोणत्या नावानं—