बंद घरांतले दिवे

३ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न.

एजंटाचा परत फोन आला. आईच्या घराला गिऱ्हाईक मिळालंय, शनिवार-रविवारी हवा खायला येणारं. आपल्या भागात घरांचे भाव दुप्पट झालेत आणि राहणारी माणसं निम्मी उरलीत म्हणे. दोन्ही बातम्या त्याने सारख्याच आनंदात सांगितल्या. ताई, मी थकलोय गं. आई गेल्यापासून तिच्या घराची गळती, तुझा गुडघा, सगळ्याची काळजी इथं बसून करायची. ते घर विकू, आणि तूही शेजारचं तुझं बिऱ्हाड आवरून आमच्याकडे ये. हिचाही तोच हट्ट आहे. हे फोनवर का नाही सांगितलं म्हणून चिडू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

भाव वाढोत न वाढोत, तुझा लोभ वाढता असावा.

तुझा,
बारक्या

९ ऑक्टोबर

चि. बारक्यास, अ. उ. आ.

तू थकलास, मग मी काय करायचं? आळीत आता रोज राहणारे म्हणजे मी, दवाखान्यातला कंपाउंडर आणि पोस्टमनची म्हातारी. बाकी घरं शनिवारवाल्यांची, आणि चाव्या माझ्याकडे. चोराचिलटांना घर रिकामं आहे हे कळू नये म्हणून संध्याकाळी गुडघा ओढत मी घरोघर दिवे लावते. आईच्या स्वयंपाकघरातही लावते. ते मला कुणी सांगितलेलं नाही, पण शेजारी अंधार बघवत नाही रे.

एक ऐक. दवाखान्यात नवी नर्स नेमलीय, तुझ्याच शहरातल्या सरकारी इस्पितळातून. ती इथं राहायला आली तर दवाखाना टिकेल, नाहीतर तो मोठ्या गावात हलवणार. मग माझं बीपी कोण बघणार, तुझा एजंट? आईचं घर तिला भाड्याने देऊ. नाहीच जमलं तर मी निमूट तुझ्याकडे येईन. महिनाअखेरपर्यंत एजंटाला झुलव. शाळा बुडवायला कारणं बरी सुचायची तुला.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. माझ्यावर रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई

२३ ऑक्टोबर

चि. बारक्यास, अ. उ. आ.

माझ्याच हातानं माती केली बघ. परवा संध्याकाळच्या बसने ती नर्स घर शोधायला आली होती, कुणाला न कळवता. दवाखाना बंद, कंपाउंडर बाहेर. सबंध आळी फिरली, तर खिडकी-खिडकीत उजेड! एकही घर रिकामं नाही, मी राहू कुठे, असं कंडक्टरला म्हणाली आणि त्याच बसने परत गेली. बदली रद्द करायचा अर्ज देणार आहे म्हणे. कंडक्टरने हे काल कंपाउंडरला सांगितलं.

मी तेव्हा आईच्या स्वयंपाकघरात दिवा लावून खिडकीपाशी टेकले होते. तिला पाहिलंसुद्धा. शनिवारवाल्यांची पाहुणी असेल म्हणून हाकही मारली नाही. अगं बाई, ये, चहा घे, एवढं म्हणायला काय झालं होतं मला? रडूही येत नाही आता. दमले रे. एजंटाला हो म्हणून टाक. मी भांडी बांधायला घेते.

तुझी,
ताई

३० ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न.

भांडी सोड आधी! तुझं पत्र वाचलं आणि तडक इस्पितळ गाठलं. सगळे वॉर्ड पालथे घातले तेव्हा नर्सबाई सापडल्या. अर्ज अजून द्यायचा राहिला होता. तुझ्या दिव्यांचा प्रताप ऐकून आधी खूप हसल्या. मग विचारलं, रिकामं घर नेमकं कुठलं? मी म्हटलं, शेवटून दुसरं. त्यांना पटेचना. म्हणाल्या, त्याच घरासमोर तर मी थांबले होते. तिथं कुणाची तरी आई खिडकीत दिसत होती. आपल्याला असं घर मिळालं असतं तर, असं वाटलं.

ती माझी ताई, आणि घर आमच्या आईचं, असं सांगितलं मी त्यांना.

एजंटाला नाही म्हणून कळवलं. तो माझ्याशी परत बोलेल असं वाटत नाही, तेवढीच शांतता. हीसुद्धा जरा हिरमुसली, तिची मी समजूत काढतो. नर्सबाई सोमवारी सामान घेऊन येताहेत. त्या संध्याकाळी बाकीच्या घरांत खुशाल दिवे लाव. आईच्या घरात मात्र जाऊ नकोस. आपल्या पायरीवर गुडघा पसरून बस आणि बघत राहा.

तुझा,
बारक्या