लेकरू माझ्याकडं, रेखा लातूरला

७ एप्रिल

रेखाला सकाळच्या गाडीत बसवून आलो. मुखेड स्टँडवर लेकरू खांद्यावर झोपलेलं होतं, तेच बरं झालं. रेखा खिडकीतून म्हणली, "उठायच्या आत घरी जावा." गाडी हलली तरी बघतच राहिली.

तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. आधी पेपर, मग प्रॅक्टिकल. महिनाभर लातूरला होस्टेलवर, अन् तिथं लेकरू चालत नाही. सासूबाई देवणीला घेऊन जाणार होत्या, पण मेव्हणीचं बाळंतपण नेमकं ह्याच दिवसांत आलं. माझ्या मायचे गुडघे गेलेले. मग राहिलं कोण? मी. छत्तीसगडला रोडच्या साईटवर पोकलेन दुसऱ्याच्या हातात देऊन आलो. सेठ म्हणला, "परीक्षा बीवी की है, छुट्टी तेरे को काहे की?" त्याला काय सांगावं.

घरी आल्यावर चिमी उठली. आधी मला बघितलं. मग माझ्या मागं बघितलं. मागं कोणी नाही. मग जे सुरू झालं ते

(इथपर्यंत लिहिलं तर परत उठली.)

८ एप्रिल

बाटली तोंडात घेत नाही. वाटी-चमच्यानं पाजलं, अर्धं माझ्या शर्टावर. माय म्हणली, "अरे नामा, बारीक धार धर. बकेट न्हाई ती तुझी, ढिगारा वतायला."

रेखाचा फोन आला. दूध भरून येतंय, छाती दगडासारखी झाली म्हणली. रडत नव्हती, पण आवाज तसाच. पहिला पेपर कसा गेला ते विचारायचं राहूनच गेलं.

१० एप्रिल

हगली, मुतली, रडली, झोपली. परत पहिल्यापासून.

दिवस दिवस मशीन चालवून असं अंग मोडलं नव्हतं. मशीनला चावी तरी असती.

१२ एप्रिल

चिमीला घेऊन पारावर गेलो. घरात बसून बसून डोकं फिरलं होतं. बालाजी लगेच, "काय मग बाळंतीणबाई, शेक-शेगडी झाली का? डिंकाचे लाडू खाल्ले का?" सगळे खदाखदा. मी पण हसलो, काय करता. तेवढ्यात चिमीनं त्याच्या खिशातली तंबाखूची पुडी ओढली अन् खाली सांडली. सगळी. बालाजीचं तोंड बघण्यासारखं झालं.

"पोरगी बापावर गेली," म्हणला. उठून गेला.

१५ एप्रिल

विठ्ठलचा फोन. रेखाचा धाकटा भाऊ. चिमीच्या जावळाची सगळी तयारी करून बसलाय. कपडे घेतले, चांदीचे वाळे घेतले. "दाजी, ताईची परीक्षा झाली की देवाला जायाचं. माझ्या मांडीवर बसून केस निघतील पोरीचे. एकुलता एक मामा हाय मी." मी हाव म्हणलो. तोवर चिमीच्या केसाला कात्री नाही. मानेवर आलेत केस. दूध, घाम, भात, सगळं त्यातच.

१८ एप्रिल

मेव्हणीला मुलगा झाला. देवणीला आनंद. आमच्याकडं चिमी रात्रीपासून डोकं घासून राहिली.

१९ एप्रिल

डोक्यात फोड आहेत. केस बाजूला केले तर तीन-चार मोठे, बाकी बारीक. ऊन असं की पत्र्याखाली थांबवत नाही.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "केस काढून टाका. मलम केसांवर लावून काय उपयोग? पू आत बसतोय." मी म्हणलो, मॅडम, जावळ व्हायचंय अजून. "मग करा की जावळ." अशा म्हणल्या, जसं काय माझीच दाढी करायची होती.

२० एप्रिल

विठ्ठलला फोन केला. म्हणलं, आजच्या आज ये बाबा. तर तो म्हणतो, "दाजी, घरात बाळंतपणाचं सुवेर हाय. बाराव्यापर्यंत मी देवाच्या दारात कसा येऊ? थोडी सबूर करा." खरंच की. त्याचं काही चुकत नाही.

मग गंगाधर न्हाव्याकडं गेलो. त्यानं वस्तरा हातात घेतला, चिमीकडं बघितलं अन् परत ठेवला.

"मामा कुठाय?"

"सुवेर हाय त्याला."

"मग मला कामून पापात घालतो? मला ह्या गावात ऱ्हायाचंय बाप्पा."

२२ एप्रिल

ताप. कूस बदलली की किंचाळती. मांडीवर घेऊन बसायचं, दुसरं काही नाही. रेखाचा उद्या अवघड पेपर आहे. तिला सांगितलं तर ती पेपर सोडून पहिली गाडी धरती, हे मला पक्कं माहीत. सांगितलं नाही.

२३ एप्रिल

काढले केस.

माझं दाढीचं ट्रिमर होतं, बॅगेत, साईटवरचं. माय म्हणली, "नामा, थांब. करू नको." मी थांबलो नाही. अंगणात लिंबाखाली बसलो, चिमीला पायांच्या आळ्यात धरलं. ट्रिमर घुर्र झालं तर ती हसली! तापात. मग रडली, पण मी हात थांबवला नाही. फोड फुटले, पू आला, पुसला. मलम लावलं.

वारं होतं. केस उडाले अंगणभर. हे ध्यानातच नाही आलं माझ्या. जावळाचे केस खाली पडू देत नाहीत, वर झेलून घेतात, नदीला सोडतात. माय गुडघे धरत धरत खाली बसली अन् एकेक झुपका वेचून पदरात घालायला लागली. कोंबड्या मधी मधी. मी वेचू लागलो तर म्हणली, "तू राहू दे."



२४ एप्रिल

ताप उतरला. चिमीनं वाटीभर मऊ भात खाल्ला. डोकं म्हणजे सोललेलं शहाळं.

रेखाचा व्हिडिओ कॉल. मी घाईत टोपडं घातलं चिमीला. लोकरीचं सापडलं, तेच.

"अवो, एवढ्या उन्हात टोपडं कामून?"

म्हणलं, कान दुखून राहिला तिचा.

"कान? कोणता? पू येतो का? ताप हाय का?" नर्सबाईच की ती. "मी निघते."

"न्हाई न्हाई, दुखत न्हाई. मायनंच घातलंय, वारं लागू नये म्हणून."

मागून माय म्हणली, "माझं नाव कामून घालतो मधी?"

रेखा टोपड्याकडं बघत राहिली. मग म्हणली, बरं.

२६ एप्रिल

गावात गोष्ट राहती का. गंगाधरनं कोणाला सांगितलं, त्यानं कोणाला. देवणीला पोचली. सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, मामा मेलाय का तिचा?"

मी चिमीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"माझा लेक जिता असताना माझ्या नातीचं जावळ अंगणात? कोंबड्यांत?" (कोंबड्यासुद्धा कळाल्या होत्या.) "तुम्हाला लेकरू संभाळता येत न्हाई तर तसं सांगा. रेखाला बोलावून घेते, पोरीला इकडं आणते."

म्हणलं, रेखाला नका सांगू. प्रॅक्टिकल राहिलंय. तीन वर्षं जातील तिची.

"ते तुम्ही आधी बघायचं होतं." फोन ठेवला.

फोड वाळून राहिलेत. हे कोणाला सांगायचं?

२८ एप्रिल

विठ्ठल आला. देवणीहून मोटारसायकलवर, भर उन्हात. घरात आला नाही, बाहेर दगडावर बसला. मायनं पाणी दिलं, घेतलं नाही. सुवेर म्हणून का राग म्हणून, कळेना. मी विचारलंही नाही.

"दाजी, तुम्ही माझा मान काढून घेतला."

मी म्हणलं, पोरगी तापली होती.

"मी न्हाई म्हणलो होतो का? बारा दिवस मागितले होते."

चिमी रांगत रांगत त्याच्याकडं गेली. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. शिवायचं नाही ना. तिला काय कळतंय, तिनं त्याची पँट धरली अन् उभी राहिली. पहिल्यांदा. आजपर्यंत कशाला धरून उभी राहिली नव्हती. अन् डुलायला लागली. मी चार पावलं लांब, पोचलोच नसतो.

विठ्ठलनं धरलं.

मग तिला धरूनच बसला. डोक्यावरचे डाग बघितले एकेक. "एवढे होते?" म्हणला. मी हाव म्हणलो. जाताना मोटारसायकलला किक मारून म्हणला, "ताईला सांगत न्हाई. पण ते ताईसाठी. तुमच्यासाठी न्हाई."

हँडलला पिशवी होती. कपड्यांची असावी. ती तशीच घेऊन गेला.

३० एप्रिल

सेठचा फोन. मशीनवर झारखंडचा एक पोरगा बसवलाय, चांगला चालवतो म्हणे. "पंद्रह मई तक आ जा. नहीं तो फिर मत आ." माझी मशीन. तिचा डावा लिव्हर जरा जड आहे, ते त्या पोराला कोण सांगणार.

३ मे

तळ्याचा गाळ काढायला जेसीबी आलाय. चिमीला कडेवर घेऊन तिथंच उभा राहिलो, ऊन चढेपर्यंत. ऑपरेटर उदगीरकडचा. म्हणला, "बसतो का?" मी चिमीकडं बघितलं. तो म्हणला, दे इकडं. पण ती जाईना. माझ्या शर्टाचं बटण धरलं ते सोडलंच नाही. हात शिवशिवत होते माझे. नाही बसलो.

आता माझ्याशिवाय कोणाकडं जात नाही. मायकडं पण थोडाच वेळ. आंघोळीला गेलो तर दाराबाहेर बसून दार बडवती. आधी मी गेलो का राहिलो, तिला काही नव्हतं. छत्तीसगडहून आलो की दोन दिवस माझ्याकडं बघून ओठ काढायची.

बरं वाटतंय म्हणावं, तर अंगातलं त्राण गेलंय. दोन्ही खरं.

९ मे

रेखाचा फोन, दुपारी. "झालं. शेवटचं प्रॅक्टिकल झालं. चांगलं गेलं." मागं पोरींचा गलका. मी म्हणलं आता सांगून टाकावं. म्हणलं, रेखा, चिमीचे केस काढले मी. फोड झाले होते.

"माहीत हाय."

"कोणी सांगितलं? विठ्ठलनं?"

"आईनं. तुम्हाला फोन केला त्याच दिवशी मला पण केला."

म्हणजे त्यानंतरचा प्रत्येक कॉल. रोज मी टोपडं घालत होतो अन् रोज ती टोपड्याकडं बघत होती. लेकरू घामानं निथळत होतं.

"मग बोलली कामून न्हाईस?"

"बोलले असते तर यावं लागलं असतं," म्हणली. "आई रोज म्हणायची, ये. मी म्हणायची, मला काही माहीतच न्हाई असं समज."

ती म्हणली, टोपडं काढा आता तरी.

११ मे

रेखा आली. स्टँडवर न्यायला गेलो, चिमी कडेवर. रेखा वाळली आहे. आधी पिशव्या खाली ठेवल्या, मग चिमीचं डोकं दोन्ही हातांत धरून डाग बघितले, बोट फिरवून. "मलम कोणतं दिलं होतं?" मी सांगितलं. बरोबर आहे म्हणली. केसांचं एवढंच.

मग हात पुढं केले, ये म्हणली.

चिमीनं माझ्या मानेत तोंड घातलं.

रेखा हसली. परत ये म्हणली. टाळी वाजवली. चिमीनं एका डोळ्यानं बघितलं अन् तोंड परत आत. स्टँडवरच्या बाया बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणली, "मावशी हाय का?" रेखानं पिशव्या उचलल्या. घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. जावळावरून शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं.

१२ मे

सकाळी भाकरी करता करता रेखानं सांगितलं. इंटर्नशिप राहिली आहे. सहा महिने, लातूरलाच, पुढच्या महिन्यापासून. ती केल्याशिवाय कागद हातात येत नाही. हे मला आधी माहीत होतं का? सांगितलं असेल तिनं. मी तिकडं मशीनवर होतो, फोन चालू असायचा, कान कुठं असायचे.

"खोली करू लातूरला," म्हणली. "पण मी ड्युटीवर गेल्यावर लेकराजवळ कोण?"

माय चुलीकडं बघत बसली. सासूबाई घेतील, पण विठ्ठलचा फोन अजून नाही, अन् त्या घरी लेकरू पाठवायचं तर आधी मी जाऊन पाया पडायचं. पडीन. पण चिमी राहील का तिथं? अन् मी राहिलो तर मशीन गेली. लातूरला मला कोण पोकलेन देतंय? देतील पण. बघितलं कुठं मी अजून.

"तुमचं काय?" रेखानं विचारलं.

म्हणलं, बघू.

१३ मे

दुपारी माय झोपली होती. चिमी माझ्या मांडीवर. रेखा समोर येऊन बसली, लांब, ताटात वरण-भात कालवून. ये म्हणली नाही. चिमीकडं बघितलंसुद्धा नाही. भात कालवत राहिली, बांगड्या वाजत राहिल्या. एक घास स्वतःच खाल्ला.

चिमी बघायला लागली. माझं बटण धरलेलंच होतं, पण मान तिकडं.

"तुम्ही हालू नका," रेखा हळूच म्हणली, खाली बघूनच.

मी हाललो नाही. पायाला मुंग्या आल्या. खिशात फोन थरथरायला लागला, सेठचाच असणार. चिमीनं बटण सोडलं. खाली उतरली नाही अजून, नुसतं सोडलं.

फोन बंद झाला. परत सुरू झाला.

"हालू नका," रेखा म्हणली.