दादांनी पाडलेली भिंत

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या गोपालचा नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग नव्हे, वाकेल तेवढा). वहिनींचे गुडघे, आंजी गावची मंडळी आणि तुमचा ट्रॅक्टर ठीक असावेत. फोनवर ट्रॅक्टरचे नाव निघाले की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पत्र.

संक्रांतीला आमच्या बंबाच्या जळणासाठी पऱ्हाट्या आणल्यात आणि रिकामी ट्रॉली मागे घेताना माझी कंपाउंडची भिंत पाडलीत, तेव्हा ही मनात काय म्हणाली ते लिहीत नाही. भिंत गुडघ्याएवढी उरली. गवंडी उद्या येतो म्हणाला (वर्ध्याचा उद्या तुम्हाला ठाऊक आहे). आंजीहून आलेली आई तोवर पुरुषभर भिंतीआड बसून "इथं मानसं राह्यते का नाई?" असे विचारायची आणि अर्ध्या ताटावरून उठायची. होळीला तिला परत न्यायचे तुम्ही ठरवलेत, मीही मान हलवली, पण मला ते फार लागले होते.

मग एका संध्याकाळी बाजारातून येणाऱ्या, मागच्या गल्लीतल्या यशोदाबाईंनी त्या भिंतीवर आधी पिशवी टेकवली, मग स्वतः टेकल्या. आईने वांगी कुठून आणलीत म्हणून विचारले. दुसऱ्या दिवशी तुरीच्या शेंगा सोलायला आणखी बाया आल्या. (वसाहतीच्या ओपन स्पेसमध्ये आम्ही हौसेने बाके बसवली, त्यांवर आजवर कुत्रीच बसली.) आता ऑफिसातून आलो की स्वतःच्या फाटकापाशी मला "जरा सरका" म्हणावे लागते.

समोरच्या अण्णाजींची शाल्मली पुण्यात शहरांचे आराखडे करते. ती सुट्टीत आली, टेपने भिंत मोजली, तिच्यावर बसून पाहिले. मग म्हणाली, "काका, माणसांनी थांबावं, बसावं म्हणून आम्ही हीच उंची शोधत असतो. डिझाइन कोणाचं?" मी तुमचे नाव सांगितले.

दादा, मी थक्क आहे. काल आई मोठ्याने हसली आणि मी भाकर हातात धरून ऐकत राहिलो. विटांच्या दहा-बारा थरांमागे एवढे अडून होते, हे मला अजून खरे वाटत नाही.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
गोपाल

ता. क. : गवंडी पाठवू नका. आईही येत नाही. म्हणते, "यशोदाची लेक बाळंतपनाले आली हाये, तिले सोडून मी कशी येऊ?"

आणखी ता. क. : होळीला तुम्ही मात्र या, आणि ट्रॉली जोडूनच या. अण्णाजींनी स्वतःच्या भिंतीलगतच्या कुंड्या आणि स्कूटर आत्तापासूनच हलवून ठेवल्या आहेत.