क्वीनी आणि डेसचा पाइप

शनिवार, २४ ऑगस्ट १९९६

सोमवारी क्वीनीची, आमच्या युद्धातल्या जुन्या विमानाची, इंजिनं सुरू होणार! एक्कावन्न वर्षांनी. इंजिनांचं फ्रँक बघतोय, पण अंग माझं — कापड, लाकूड, दोऱ्या. युद्धातही हेच काम होतं. तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आता गुडघे कुरकुरतात, एवढाच फरक.

आज आतल्या फळ्यांना जवसाचं तेल दिलं. नाकापासून शेपटापर्यंत. काय झळाळी आली! माझ्या बायकोच्या, एडनाच्या, जुन्या निळ्या काठाच्या उशांच्या खोळी फाडून फडकी केली होती. ती नेहमीसारखी काठाला काठ लावून चौपदरी घडी घालून शेपटाकडच्या खोक्यात रचून ठेवली. पूर्वी बाहेरच्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकायचो. पण जूनमध्ये 'सुंदर गाव' स्पर्धेवाले बघायला येणार होते, तेव्हा मीच तो डबा हिरवा रंगवून त्यात जिरेनियम लावले. दुसरा नंबर आला गावाचा! एडना असती तर म्हणाली असती, सिरिल गारबट, घरी कधी एका रुमालाची घडी घातली नाहीस.

डेस वर चढून आला आणि नाक वर करून म्हणाला, इथे नव्या बॅटीचा वास येतोय रे, कोण ओपनिंगला जातंय? तोंडात पाइप होताच. विमानात पाइप नको म्हणून शंभरदा सांगितलं. हसतो नुसता. शेपटातला गनर होता ना — त्याला वाटतं शेपूट त्याच्या बापाचं.

खरं म्हणजे विमान आमचं, जमिनीवर डागडुजी करणाऱ्या खालच्या माणसांचं. हवाईवाले रात्रीपुरतं मागून न्यायचे. मी वहीत सही करायची — विमान ठीक — मग ते उडायचे. क्वीनीतून डेस सव्वीस वेळा गेला आणि सव्वीस वेळा आला. पुढच्या खेपेला क्वीनी दुरुस्तीला होती आणि डेस कान फुटून दवाखान्यात. बाकीचे चौघे दुसऱ्या विमानातून गेले ते गेलेच. क्वीनीला मग शिकाऊ पोरांसाठी दुसरीकडे नेलं, माझी सही पुन्हा लागली नाही.

उद्या लागेल. ती जुनी वही अजून आहे. सकाळी फळ्यांना दुसरा हात मारायचा आणि सही करायची.

रविवार, २५ ऑगस्ट

जळाली.

सोमवार, २६ ऑगस्ट

काल लिहवेना. आज लिहितो, कारण विसरायचं नाही मला यातलं काही.

सकाळी तेलाचा दुसरा हात दिला, वहीत सही केली. विमान ठीक. खाली नाव, तारीख. साडेबाराला सगळे पबमध्ये जेवायला गेलो. डेस मागे राहिला. दर रविवारी राहतो — शेपटातल्या आपल्या जागेवर तासभर एकटा बसतो, त्या चौघांसाठी. आम्ही कुणी विचारत नाही. दोनला आला, पाइप दातात, माझ्यासमोर बसून भाजलेले बटाटे खाल्ले. बटाटे!

तीनला कुणीतरी धूर म्हणालं.

कापडाचं विमान, वरून रोगण चढवलेलं. पाच मिनिटं लागली फक्त. मी हँगरच्या दारात होतो, फ्रँकने मला कॉलरला धरून मागे ओढलं. आधी शेपूट गेलं. नंतर पंखांवरचं कापड चर्र करत मागे सरकलं आणि आतला सांगाडा दिसला, तो मी हातांनी बांधलेला, अकरा वर्षं. बंबवाले आले तोवर फक्त इंजिनं उरली होती.

आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं — आग विझली, बंबवाले नळ्या गुंडाळत होते, तपासायला साहेब यायचा होता. डेस बंबवाल्यांनी बांधलेल्या दोरीखालून वाकून आत गेला. शेपटाकडे. खाली बसून गरम राखेत हात घातला, काहीतरी उचललं आणि कोटाखाली घातलं. हात भाजला त्याचा. मी हाक मारली तर वळूनही बघितलं नाही.

तंबाखूचा डबा, दुसरं काय! पुरावा उचलला लेकाने.

आज सुट्टी. ज्यांना कळलं नव्हतं ते लोक आलेच, पोरांच्या हातात झेंडे, डबे भरून सँडविचेस. मिसेस थर्लबी फाटकात उभी राहून एकेकाला परत पाठवत होती. विमानाच्या समितीची अध्यक्ष ना, तिलाच ते करावं लागलं. मी घरी आलो.

डेस पिकवेल, तुला सोडणार नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

समितीची बैठक. साहेबाचं पत्र वाचलं — आग शेपटाच्या भागात लागली, कारण नक्की सांगता येत नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मला सांगता येतं. आणि सांगितलं. पाइप, बटाटे, दोरीखालून आत जाणं, कोट. एक शब्द गाळला नाही.

सगळे डेसकडे बघायला लागले. उजवा हात पट्टीत. तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "पाइप माझ्या तोंडात होता. बाकी मला काही म्हणायचं नाही."

झालं की! आणखी काय कबुली पाहिजे? मिसेस थर्लबी मात्र म्हणते, त्याने लावली असं तो म्हणाला नाही. शाळेत तीस वर्षं व्याकरण शिकवलं बाईने, अजून सुटत नाही.

पाच विरुद्ध दोन. डेसला समितीतून काढलं. हँगरची किल्ली त्याने स्वतःहून टेबलावर ठेवली, डाव्या हाताने.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

पबमध्ये डॉमिनोजच्या संघातून त्याचं नाव खोडायला लावलं. मी म्हटलं, तो खेळणार असेल तर मी नाही. दोघांपैकी मी जास्त जिंकतो. खोडलं.

बुधवार, २५ सप्टेंबर

गावच्या पेपरात माझं पत्र आलं. नाव घातलं नाही, पण शेपटातला गनर एकच जिवंत आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शेवटचं वाक्य मीच तीनदा वाचलं — 'शत्रूला जे सहा वर्षांत जमलं नाही ते एका पाइपने एका दुपारी केलं.' झकास जमलंय.

फ्रँक म्हणाला, पुरे कर आता. मी विचारलं, का? तो म्हणाला, त्याची बायको ऑड्री हल्ली शेजारच्या गावात जाते सॉसेज आणायला. मी म्हटलं, मग जाऊ दे की, तिकडची सॉसेज चांगली असतात.

शनिवार, १९ ऑक्टोबर

डेस पोस्टापाशी दिसला. पट्टी अजून आहे. टोपी काढली मला बघून. मी रस्ता ओलांडला.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

दुपारी हँगरमध्ये गेलो. नुसती जमीन. घासून धुतली तरी काळा डाग जात नाही. बाहेर डब्यातले जिरेनियम अजून फुललेत, एवढ्या थंडीतही. तिथेच उकिडवा बसून रडलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, फुलांच्या डब्याला टेकून! कुणी पाहिलं नाही.

रडून मन हलकं होतं म्हणतात. माझं नाही झालं. उलट एक कळलं — त्याचं अजून एक उरलंय. पुष्पचक्र.

रविवार, ३ नोव्हेंबर

युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन पुढच्या रविवारी. दरवर्षी स्मारकावर त्या चौघांचं पुष्पचक्र डेस ठेवतो. सेहेचाळीसपासून एकदाही चुकला नाही, एकदा तर न्यूमोनिया झाला असतानाही आला होता. आज चर्चनंतर मिसेस थर्लबीला गाठलं. म्हटलं, ज्याने त्यांचं विमान जाळलं त्याने त्यांना फुलं वाहायची? ती म्हणाली, सिरिल, हे मी करणार नाही. मग मी पाद्रीबाबांकडे गेलो, माजी सैनिकांच्या संघटनेच्या चिटणिसाकडे गेलो. माझं पत्र दोघांनी वाचलेलं होतं.

पुष्पचक्र मी ठेवायचं ठरलं.

इतकी शांत झोप बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

रविवार, १० नोव्हेंबर

ठेवलं. पदकं लावली होती, बूट चकचकीत. अकराला दोन मिनिटं सगळं गाव गप्प. डेस मागे भिंतीपाशी उभा होता, गर्दीच्या बाहेर, टोपी हातात, पावसात. ऑड्रीने छत्री धरली तर त्याने ती बाजूला सारली. चौघांची नावं वाचली तेव्हा ओठ हलत होते त्याचे. त्याला रांगेत उभं राहू दिलं असतं तरी चाललं असतं म्हणा. पण नाही दिलं. मी वाकलो, फुलं ठेवली, सलाम केला.

क्वीनी, फिटलं गं तुझं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ऑड्री आली होती. बसली नाही. बिस्किटांचा एक डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे डेस टाकू देत नाही आणि मला घरात बघवत नाही."

आत जळकं फडकं. म्हणजे त्या दिवशी राखेतून उचललं ते हे. चौपदरी घडी, काठाला काठ. एका कोपऱ्यात निळा काठ शाबूत. अजून वास येतो — नव्या बॅटीचा.

जवसाचं तेल. घडी घालून रचलेली फडकी आतल्या आत तापतात, आपोआप पेट घेतात. म्हणून तर तो लोखंडी डबा होता. हे मला एकवीस वर्षांचा असताना माहीत होतं.

पाइपचं विचारलं. म्हणाली, दोन वर्षं झाली, छातीमुळे डॉक्टरांनी तंबाखू बंद केला, नुसता रिकामा पाइप चघळतो.

मग तो बोलला का नाही?

"तो म्हणतो, सव्वीस सह्या सिरिलच्या होत्या आणि सव्वीस वेळा मी घरी आलो. सत्ताविसावी चुकली तर चुकली."

चहा न घेता गेली.